रफू केलेली तक्रार

एकदा एका रफूगाराच्या शिष्येनं परदेशातल्या दुकानातून लोकरी कोट मागवला. तो सदोष निघाला, तेव्हा तिच्या हातून एक चूक झाली. ती चूक जगात फक्त रफूगारच करू जाणे.

शिष्येचं नाव चारुशीला. वय त्रेचाळीस, म्हणजे कोणाची शिष्या म्हणवून घ्यायला तसा उशीरच. पण लतीफचाचांच्या दुकानात वयाची चौकशी होत नसे, टाक्यांची होई. कापडबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढंच. नऊ वर्षं चारुशीला रोज दुपारी तिथं येऊन बसत होती. कोणाची उदबत्तीनं जळलेली शाल यायची, कोणाचा उंदरानं कुरतडलेला लग्नातला सूट. गिऱ्हाईक कपडा घेऊन जाताना जागा शोधायचं, सापडली नाही की हसायचं.

चाचांनी मात्र नऊ वर्षांत तिचं कौतुक म्हणून केलं नव्हतं. काम उजेडात धरायचं आणि "हं" म्हणायचं, एवढंच. बऱ्या कामाला आखूड "हं", वाईट कामाला लांब. दोन्हींतला फरक कळायलाच तिला तीन वर्षं लागली होती.

चाचांच्या घराण्यात एक रीत होती. शिष्यानं रफू केलेली जागा उस्तादाला डोळ्यांनी सापडली नाही, आणि बोटांनीही सापडली नाही, की उस्तादानं आपली सुई त्याच्या हातात ठेवायची. मग शिकणं संपलं. चारुशीलानं त्या सुईची आशा सोडली होती. निदान घरी तसं सांगत तरी असे.

तिची मुलगी ऋता पुढं शिकायला एका बर्फाच्या देशात निघाली होती. चारुशीलानं रफूच्या कमाईतून साठवलेल्या अठरा हजारांत तिच्यासाठी कोट मागवला. तिकडच्याच दुकानाचा, तिकडच्या थंडीसाठी केलेला. खोकं आलं, ऋतानं कोट काढला, उलटापालटा केला आणि ओरडली, "आई, हे बघ!"

कॉलरच्या खाली तीन भोकं होती. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली होती.

दुसरी कोणी बाई असती तर आधी ओरडली असती, मग फोटो काढला असता, मग चार मैत्रिणींना पाठवला असता. चारुशीलानं आधी चष्मा लावला. मग कोटाच्याच आतल्या दुमडीतून चार धागे ओढले आणि रफूला बसली. भोक दिसलं की हात चालतो, त्याला विचारावं लागत नाही. दोन दुपारी गेल्या. तिन्ही जागा अशा भरून आल्या की तिची तिलाच पुन्हा सापडेनात.

तिसऱ्या दिवशी तिनं कोट खिडकीशी उन्हात धरला. ऊन पाठीतून ठिपक्याठिपक्यांनी आरपार येत होतं. कसर तीन जागी नव्हती, सगळीकडे होती. लोकर आतून संपलेली. हा कोट एक हिवाळाही काढणार नव्हता. दुसरा घ्यायचा तर हेच पैसे परत यायला हवे होते, कारण दुसरे पैसे नव्हते.

"तक्रार करू," ऋता म्हणाली. "तू सांग, मी इंग्रजीत लिहिते."

"लिही," चारुशीला म्हणाली, "कोटाचा रंग फार सुंदर आहे."

"आई!"

"अगं, एकदम कसं तोंडावर बोलायचं? बिचाऱ्यांनी एवढ्या लांबून पाठवलाय. लिही, शिवणही छान आहे. फक्त तीन भोकं होती, ती मी भरली आहेत, त्याची काळजी करू नये. पण कापड जरा अशक्त वाटतं."

"तू तक्रार करतेयस की आभार मानतेयस?"

तरी ऋतानं लिहिलं, आणि रफू केलेल्या जागेचा फोटो जोडला. मग रोज फोन उघडून बघायचं, आणि उत्तर नाही. ते आलं तेव्हा खोकं येऊन बारा दिवस झाले होते. ऋतानं ते वाचून दाखवलं. कोट आवडला हे कळून दुकानाला आनंद झाला होता. फोटोत कोणताही दोष आढळला नव्हता. दोष स्पष्ट दिसेल असा फोटो माल मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत पाठवला, तरच पैसे परत मिळतील. पाठीच्या ठिपक्यांचा फोटोही ऋतानं काढून पाहिला, पण त्यात ते सैल विणीतून आलेलं ऊन वाटत होतं.

"एवढंच ना?" ऋताचे बाबा म्हणाले. "कात्री घे, तीन भोकं पाड, फोटो काढ. भोकं होतीच की नाही? मग खोटं कुठं आहे?"

चारुशीलानं कात्री घेतली. दोनदा कोटाला लावली आणि दोनदा बाजूला ठेवली. हात अडत होता. तो खोटेपणाला अडत होता की त्या देखण्या रफूला, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. तेराव्या दिवशी कोट पिशवीत घालून ती चाचांकडे गेली.

तिनं सगळी हकीकत सांगितली, कात्रीचीसुद्धा. चाचांनी कोट दाराशी नेला, उजेडात धरला, भिंग लावलं. मग डोळे मिटले आणि कॉलरखालून बोटं फिरवली, सावकाश, पुन्हा पुन्हा. बोळातून दोन हातगाड्या गेल्या. चारुशीला त्यांच्या "हं"ची वाट बघत होती, आखूड की लांब.

"कुठं आहे?" चाचांनी विचारलं.

तिला वाटलं, चेष्टा करतायत. "चाचा, तिथंच आहे हो."

"मला नाही सापडत."

ते आत आले, बसले. टोपीच्या कडेला खोचलेली सुई त्यांनी काढली. आयुष्यभर वापरून बारीक झालेली ती सुई त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. चारुशीलाचे डोळे भरून आले, आणि चष्मा पुसायचा तर सुई खाली ठेवावी लागली असती.

"आता," चाचा म्हणाले, "याच सुईनं हे रफू उसव."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "उसवू? चाचा, आत्ता तुम्ही..."

"तिन्ही."

"नऊ वर्षांनी एक काम जमलं, आणि ते उसवू? त्यापेक्षा बाजूला कात्री मारलेली काय वाईट?"

चाचांनी कोट तिच्या मांडीवर ठेवला. "कात्री मारलीस तर ते तुझं भोक. उसवलंस तर ते त्यांचं भोक. त्यांचं त्यांना दाखव."

चाचा बोलू लागले, तिच्याकडे न बघता, बोळाकडे बघत.

"चारू, आपला धंदा झाकायचा आहे. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. पण जे मागून घ्यायचं असतं, ते झाकून मागता येत नाही. तू दुखणं बरं करून वैद्याकडे गेलीस आणि म्हणालीस, औषध द्या. तो बिचारा नाडी बघून म्हणाला, बाई, तुम्ही ठणठणीत आहात. त्यात त्याचा काय दोष?" ते थांबले. "माझी बायको अशीच होती. रफू मी दुकानात करायचो, ती घरात. पीठ संपलं, तिनं भागवलं. भाऊ वाकडं बोलला, तिनं पोटात घातलं. ताप आला, तिनं डोक्याला फडकं बांधलं. बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, माझ्या घराला कुठं भोक नाही. एवढा मोठा रफूगार मी, आणि तिचं काम मला कधी सापडलं नाही. ती गेली, मग एकेक धागा सुटत गेला, तेव्हा कळलं, कुठं कुठं काय होतं. सुई तिलाच द्यायला हवी होती. पण मग तिला सांगायला हवं होतं, आता उसव, मला बघू दे."

चारुशीलानं मांडीवरचा कोट सरळ केला. मग तिनं ती सुई घेतली आणि पहिला टाका उचलला.

घालायला दोन दुपारी लागलेलं रफू निघायला तासभर लागला. तिनं एकही धागा तोडला नाही. एकेक ओढून काढला आणि पांढऱ्या कागदावर ओळीनं ठेवला. तिन्ही भोकं जशी आली होती तशी पुन्हा उघडी झाली, कडेला कसरीनं कुरतडलेली. चाचांनी कोट दारात उन्हाकडे धरला, तेव्हा पाठीचे ठिपकेही दिसले. ऋताला बोलावून तिनं फोटो काढून घेतला.

"काय लिहू?" ऋतानं विचारलं. "रंग सुंदर आहे?"

चारुशीला ओशाळून हसली. मग म्हणाली, "लिही. कोटाला कसर लागली आहे. पैसे परत करा."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

चार दिवसांनी उत्तर आलं, तेही तेवढंच आखूड. पैसे परत करत आहोत. कोट परत पाठवू नये. नवा कोट मायलेकींनी शहरातल्या दुकानात जाऊन घेतला, आणि घेण्याआधी चारुशीलानं तो फुटपाथवर नेऊन उन्हात धरला. दुकानाचा माणूस सोबत धावत आला होता.

निघायच्या आदल्या दुपारी ऋता बॅग भरत होती. चारुशीला पलंगावर बसून मोजे जोडीजोडीनं लावत होती. तिच्या मनात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती.

"तिकडं काही बिनसलं," ती म्हणाली, "तर फोनवर 'मी मजेत आहे' असं नको सांगूस. जसं असेल तसं सांग. मग सावरायचं काय ते दोघी मिळून सावरू."

"बरं," ऋता म्हणाली. मग तिनं मान वर केली. "आणि तू?"

"माझं काय?"

"तू सांगशील?"

चारुशीलाच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. मला काय धाड भरलीय. ते तिनं गिळलं. हातातला मोजा तिनं उगाच दोनदा सरळ केला.

"माझ्या डाव्या डोळ्याला," ती म्हणाली, "चार महिने झाले, धागा नीट दिसत नाहीये."

ऋतानं बॅगेचं झाकण तसंच उघडं टाकलं आणि ती आईशेजारी येऊन बसली. "चष्मा काढ," ती म्हणाली. "इकडे बघ. पहिल्यापासून सांग."