छपरावरचा मोर

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक कासार राहत होता. बायकांच्या हातांत बांगड्या भरायच्या, हा त्याचा धंदा. त्यासाठी तो गावोगाव फिरायचा, आणि त्याच्याबरोबर असायची त्याची घोडी. तिचं नाव पाकळी.

पाकळी काही देखणी नव्हती. एक कान जरा वाकडा, पाठ बसकी. शिवाय खाण्यापिण्याच्या बाबतीत महा नखरेल. पाण्यात काडी दिसली तरी तोंड फिरवायची. पण तिची चाल अशी, की दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या पेट्या लादून खडकाळ घाट उतरावा, खाली येऊन पेट्या उघडाव्यात, तर एक काकण तडकलेलं नसायचं. दुसऱ्या कुठल्या घोड्याच्या पाठीवर काच टिकत नसे. कासाराचं घर पाकळीच्या चार पायांवर उभं होतं म्हणा ना.

आता या कासाराची एक युक्ती होती. बांगडी हाताच्या सांध्यावर अडते, तिथे दुखतं. मुली हात आखडतात. मग तो एकदम म्हणायचा, "अगंबाई, छपरावर मोर!"

मुलगी वर बघायची. तेवढ्यात हा हात दाबून बांगडी आत सरकवायचा. त्याचा बाप असंच करायचा, आजाही असंच करायचा. मोर मात्र कधीच नसायचा.

एका थंडीत पाकळी खोकायला लागली. आधी वाटलं, गारठा आहे, जाईल. पण चार दिवसांत तिची छाती भात्यासारखी वाजू लागली. कासारानं सलोत्र्याला बोलावलं. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. त्यानं पाकळीच्या बरगड्यांना कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"कासारबुवा, दुखणं खोल गेलंय," तो म्हणाला. "हे गोळे घ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि एक ध्यानात ठेवा. नळीनं घशात ओतायला जाऊ नका. खोकणारं जनावर आहे, औषध छातीत जाईल आणि हातातली घोडी जाईल. तिनं आपल्या तोंडानं खायला हवं."

गोळा लिंबाएवढा, काळा, आणि इतका कडू की नुसत्या वासानं जीभ आत ओढली जावी.

कासार मनात म्हणाला, उभा जन्म मी हेच तर करत आलो. त्यानं गोळा गुळाच्या खड्यात लपवला. पाकळीसमोर उभा राहिला, डाव्या हातानं लांब डोंगराकडे दाखवलं, "ते बघ काय!" आणि उजव्या हातानं गूळ तिच्या ओठांशी नेला.

पाकळीनं गूळ घेतला, चावला आणि सगळा त्याच्या पागोट्यावर उडवला.

कासारीण दारात उभी होती. तिला हसू आवरेना. "अहो, मोर दिसला वाटतं तिला!"

"हसू नकोस. संध्याकाळी बघ."

संध्याकाळी त्यानं गोळा कुटून भिजवलेल्या चण्यांत कालवला. पाकळीनं चण्यांना तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीत भरला, तेव्हा तिनं भाकरी सोडली. तिसऱ्या दिवशी पाण्यात विरघळवला, तर ती पाण्याच्या घमेल्याकडे पाठ करून उभी राहिली.

चौथ्या दिवशी कासारानं नुसता गूळ पुढे केला. त्यात काही नव्हतं, खरंच काही नव्हतं. पाकळीनं त्याच्या हाताचा वास घेतला आणि दोन पावलं मागे सरली. सात वर्षं त्याच हातानं खाल्लेली घोडी ती.

कासारीण आता हसत नव्हती. "अहो," ती हळूच म्हणाली, "ती औषधाला भीत नाही. तुम्हाला भितेय."

दुपारी सलोत्री आला. पाकळीच्या पोटाकडे बघून त्यानं मान हलवली. "उपाशी आहे ही. आज दिवेलागणीपर्यंत हिच्या पोटात औषध आणि पाणी गेलं पाहिजे. नाहीतर उद्या मला बोलावण्यात अर्थ नाही."

त्याच दुपारी शेजारच्या आळीतल्या कोष्ट्याकडे चुडा भरायचा होता. मुलीचं लग्न उद्यावर आलेलं. न जाऊन कसं चालेल? कासार टोपली डोक्यावर घेऊन गेला, पण त्याचा जीव घरी गोठ्यात होता.

नवरी पाटावर बसली. कासारानं तिचा हात हातात घेतला, सवयीनं म्हणाला, "अगंबाई, छपरावर मोर!"

मुलीची मूठ आवळली. काचेचा बारीक आवाज झाला. बायका कुजबुजल्या, "वाढली गं." लग्नघरात बांगडी फुटली म्हणत नाहीत. त्यानं दुसरी घेतली, पुन्हा मोर दाखवला. तीही वाढली. नवरीच्या आईचा चेहरा उतरला.

तेव्हा नवरी म्हणाली, "काका, रागावू नका. तुम्ही मोर म्हणालात की माझी मूठ आपोआप आवळते. मी पाच वर्षांची असल्यापासून."

"अगं, काकांना शिकवतेस होय?" आई म्हणाली.

"शिकवत नाही गं. काका, तुम्ही मला नुसतं सांगा ना, आता दुखेल म्हणून. मी धरते दम."

कासारानं तिसरी बांगडी उचलली. मग सावकाश म्हणाला, "बरं. आता दुखेल हं, पोरी."

मुलीनं श्वास सोडला. तिचा हात मळलेल्या कणकेसारखा मऊ पडला. बांगडी सांध्यावर क्षणभर थांबली आणि मनगटात गेली. मग दुसरी. मग सगळा हिरवा चुडा. एकही वाढली नाही.

कासारानं टोपली उचलली आणि धावतच घर गाठलं.

"आता कुठली नवी युक्ती?" कासारीण म्हणाली.

"युक्त्या संपल्या."

तो पाकळीपासून चार हातांवर जमिनीवर बसला. डाव्या तळहातावर काळा गोळा ठेवला, उघडाच. उजव्या तळहातावर गूळ. म्हणाला, "पाकळी, हे कडू आहे." आणि गोळ्याचा तुकडा मोडून स्वतःच्या जिभेवर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पाकळीचा वाकडा कान पुढे झाला. मग त्यानं गुळाचा खडा तिच्यासमोर फोडला, आत काही नाही हे तिला दिसू दिलं, अर्धा खाल्ला आणि अर्धा पुढे धरला. "हे गोड."

पाकळी आली नाही. तो उठला नाही, बोलावलंही नाही. उन्हं कलली. तो तसाच बसला.

बऱ्याच वेळानं खुरांचा आवाज झाला. पाकळीनं मान लांब केली आणि गूळ ओठांनी उचलला. गोड म्हटलं होतं, ते गोडच निघालं. तिनं तो खाली टाकला नाही.

"आता कडू," कासार म्हणाला, आणि चिमूटभर औषध तळहातावर ठेवलं. तिनं चाटलं, ओठ मुडपला, फुरफुरली. लगेच गूळ. "हे गोड." पुन्हा कडू, पुन्हा गोड. त्यानं शब्द एकदाही बदलला नाही. कासारीण दिवा घेऊन आली तेव्हा डाव्या हातावर काही उरलं नव्हतं, आणि पाकळी घमेल्यात तोंड घालून पाणी पीत होती. कासारीण दिवा धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून "कडू" म्हटलं की पाकळी स्वतःच तोंड पुढे करायची, लवकर आटपा म्हटल्यासारखं. नखरा गेला म्हणता येणार नाही; काडी पडलेलं पाणी ती शेवटपर्यंत प्यायली नाही. पण फुलं फुलायच्या दिवसांत ती पुन्हा पेट्या घेऊन घाट उतरली, आणि काच शाबूत राहिली.

कासार मात्र बदलला. तो हात धरायचा आणि म्हणायचा, "आता दुखेल हं." पोरी डोळे मिटून हात सैल सोडायच्या.

अशीच काही वर्षं गेली. एका गावात तो एका चिमुरडीला बांगड्या भरत होता, आणि सहज त्याची नजर वर गेली. "अगंबाई," तो म्हणाला, "छपरावर मोर!"

सगळ्या बायकांनी वर बघितलं. कुणाचीही मूठ आवळली नाही.

आणि छपरावर खरोखरच मोर होता.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही: कडू द्यायचं असेल तर कडू सांगूनच द्यावं, म्हणजे आपल्या हातच्या गोडावरचा विश्वास उडत नाही.