गठ्ठ्यातला गठ्ठा

दुकानं दुपारी एक ते चार हमखास बंद असायची, त्या काळातली ही गोष्ट. एका साडीच्या दुकानात एक म्हातारा सर्व्हर, म्हणजे फोटो साठवणारा संगणक, होता आणि त्याच्या पोटात नकल्या आणि गठ्ठ्या हे दोन प्रोग्रॅम नोकर म्हणून राहत. नकल्या रोज दुपारी साड्यांच्या फोटोंच्या फोल्डरची नक्कल काढी, गठ्ठ्या ती दाबून बांधून ठेवी. वेळ मालकाची झोप होईपर्यंत.

पूर्वी गठ्ठ्याचं काम अर्ध्या तासात उरके. हल्ली चार वाजून गेले तरी गाठ बसेना, आणि समोर गिऱ्हाईक असताना फोटो उघडेनात. मालक वैतागले. "उद्या वेळेत झालं नाही, तर गठ्ठ्याला काढून टाकतो."

नकल्या हसला. "वय झालं, गठ्ठ्याकाका. माझं काम कधी अडलंय का?"

"नाही रे बाबा," गठ्ठ्या दमून म्हणाला. "साड्या वाढल्यात का?"

"एकही नाही."

"मग ओझं कसलं वाढतंय?" त्यानं आजचा गठ्ठा सोडला. आत साड्या होत्या आणि कालची नक्कल होती. कालच्या नकलेत परवाची होती. "तू नक्कल ठेवतोस कुठे?"

"त्याच फोल्डरात. हाताशी बरी पडते."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"अख्खा फोल्डर उचलतो... कालच्या नकलेसकट."

दुसऱ्या दिवशी नकल्यानं फोल्डरातल्या जुन्या नकला काढून टाकल्या आणि नवी वेगळ्या कप्प्यात ठेवली. दीड वाजता गाठ बसली.

चारला मालक डोळे चोळत आले आणि बायकोला म्हणाले, "बघितलंस? दम दिला की कामं होतात!"

गठ्ठ्यानं ते ऐकलं नाही. कित्येक दिवसांनी त्याला दुपारची झोप लागली होती.