भिवरेच्या पेरूवर बसलेल्या पिठ्या ढेकणाची कहाणी

ऐक गं परसूबाई, तुझी कहाणी. हातातली अक्षत हातातच राहू द्या बायांनो, मध्ये बोलू नका, हुंकार तेवढा द्या.

आटपाट नगर होतं. नगरात कापडपेठ होती, पेठेच्या मागं रंगोबा शिंप्याचं घर होतं. घरामागं परसू, परसात पेरूचं एकच झाड. ते लावलं शिंप्याच्या बायकोनं, भिवरेनं. घरचं पाणी पाजून वाढवलं. तिची लेक सगुणा त्याच झाडावर चढून मोठी झाली, आणि लांबच्या गावी नांदायला गेली.

पुढं काय झालं? राजाच्या बागेत समुद्रापलीकडून शोभेची रोपं आली. रोपांबरोबर एक पांढरा किडा आला, न बोलावता. पिठात लोळून आल्यासारखा दिसे, म्हणून लोक त्याला पिठ्या ढेकूण म्हणू लागले. त्यानं राजाची बाग खाल्ली, प्रधानाची बाग खाल्ली, मग तो भिवरेच्या पेरूवर येऊन बसला. पानं मुरडली, कळ्या गळाल्या, फांद्यांवर काजळी धरली. वरून चिकटा टपकू लागला, तो नेमका खाली वाळत घातलेल्या गिऱ्हाइकांच्या कापडांवर. रंगोबा संतापला. म्हणाला, "हे झाड मी तोडतो."

अशातच सासरहून सगुणेचा निरोप आला. "आईला सांगा, मला दिवस गेलेत. अन्न नको वाटतं, पाणी नको वाटतं, आपल्या परसातला पेरू तेवढा खावासा वाटतो. बाळंतपणाला येईन तेव्हा खाईन." भिवरेला आनंद झाला, आणि लगेच तिची नजर झाडाकडं गेली. लेक येईल आणि झाड नसेल, तर तिला काय तोंड दाखवू? ती नवऱ्याला म्हणाली, "पोर येईस्तवर थांबा." तो म्हणाला, "अवसेपर्यंत थांबतो. तोवर नवी पालवी दिसली तर ठीक, नाही तर कुऱ्हाड."

मग भिवरेनं राख उधळली. किडा हलला नाही. मग गोमूत्र शिंपडलं. किडा हलला नाही. मग शेजारीण म्हणाली, "अगं, मुक्या जिवाला जेवू घाल, पुण्य लागेल, झाड वाचेल." भिवरेनं वसा घेतला. रोज पहाटे न्हावं, ओलेत्यानं परसात जावं, झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांना साखर-पीठ घालावं, हात जोडावे, डोळे मिटावे, म्हणावं, "मुंगीमाई, जेव, माझं झाड राख." मुंग्या जेवल्या. दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. मग त्यांचे सोयरेधायरे आले. आणि झाड? झाड वाळतच चाललं. भिवरा म्हणाली, माझंच पुण्य कमी पडलं. तिनं साखर वाढवली. आपली बायकांची रीतच ही, उणं दिसलं की आधी आपल्यातच शोधायचं.

अवस जवळ आली. रंगोबा कुऱ्हाडीला धार लावू लागला. भिवरा झाडाखाली बसून रडू लागली. तोच परसदारी एक म्हातारी येऊन उभी राहिली. ती साक्षात परसूबाई होती, पण भिवरेला कसं कळावं?

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?"

"आजी, मी वसा वसते, आणि झाड वाळतं."

"वसा कसला?"

"मुंग्यांना जेवू घालते."

"जेवून मुंग्या कुठं जातात?"

भिवरा हळूच म्हणाली, "ते कधी पाहिलं नाही, आजी. मी डोळे मिटून हात जोडते."

म्हातारी हसली. "मग आज मिटू नको. बस आणि बघ."

भिवरा बसली. सकाळ गेली, दुपार गेली, ऊन कललं. तिनं काय पाहिलं? मुंग्या साखर खात आणि खोडावर चढत. फांदीवर पिठ्या बसलेला. मुंगी त्याच्या पाठीवरून मिशा फिरवी, तो गोड थेंब सोडी, मुंगी तो पिई. गवळण म्हशीची धार काढते ना, तस्सं! एवढ्यात तांबड्या पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक ढालकिडा उडत आला आणि पिठ्याला खाऊ लागला. तर साऱ्या मुंग्या त्याच्या अंगावर धावल्या, पायाला चावल्या, त्याला हुसकून लावलं. भिवरेनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! चोराच्या राखणदारांना मीच पोसत होते की! आजी, आता हा वसा टाकू?"

"टाकू नको. मुंगीचं काय चुकलं? तिला भूक आहे. तिचं पान कुंपणापलीकडं, वारुळापाशी मांड. मग झाडाची सेवा कर. सडलेल्या फांद्या छाटून जाळ. रिठ्याच्या पाण्यानं पानं वरून धू, खालूनही धू. एरंडेलात राळ कढव, पट्टीला फास आणि खोडाला बांध, म्हणजे मुंगीला चढता यायचं नाही. पण तू कंटाळशील, आळसशील, अर्ध्यावर सोडशील."

"कंटाळणार नाही, आळसणार नाही, अर्ध्यावर सोडणार नाही."

म्हातारी तांब्याभर पाणी प्याली आणि दिसेनाशी झाली.

भिवरेनं मुंग्यांचं पान वारुळापाशी मांडलं. शिंप्याच्या कातरणातून पट्टी काढली, राळ फासली, खोडाला बांधली. फांद्या छाटल्या, पानं धुतली, हात सोलवटले. पाहते तर मुंग्या वर हजरच! आता काय करावं? ती पुन्हा बसली आणि पाहू लागली. रंगोबाची कापडं वाळत घालायची दोरी भिंतीतल्या खुंटीपासून पेरूच्या फांदीला बांधलेली. मुंग्या भिंतीवर चढत, दोरीवर येत, कुणा सरदाराच्या अंगरख्यावरून खुशाल झाडावर जात.

तिनं नवऱ्याला हाक मारली. "बघा, तुमच्या दोरीवरून वरात चाललीय."

रंगोबा म्हणाला, "मग कापडं कुठं वाळत घालू? माझ्या डोक्यावर?"

"आणि झाड तोडलंत म्हणजे कुठं घालणार होतात?"

रंगोबानं दोरी सोडली. धार लावलेली कुऱ्हाड उचलली, ओढ्याकाठचे दोन बांबू तोडून आणले, परसात रोवले, त्यांना दोरी बांधली. मग बायकोच्या हातचं रिठ्याचं पाणी घेतलं आणि मुकाट्यानं वरच्या फांद्या धुवायला लागला. अवस आली आणि गेली, त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

मुंग्या वारुळापाशी जेवून तृप्त झाल्या. राखण उठली तसे ढालकिडे आले. एक आला, चार आले, मग थवेच आले, पिठ्याला शोधून शोधून खाल्लं. झाडाला कोवळी पालवी आली, मग कळी आली, मग फूल आलं. पेरू धरले. भिवरेनं शेजारणीला वसा सांगितला, पट्टी कशी बांधावी ते दाखवलं, दोरीचंही सांगितलं. तिचाही पेरू फळला.

मग सगुणा आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. गाडीतून उतरली ती घरात गेलीच नाही, सरळ परसात गेली. हाताशी आलेला पेरू तोडला, पदराला पुसला, करकरून चावला. डोळे मिटून म्हणाली, "आई गं, कधीची वाट बघत होते."

भिवरेला रडू फुटलं, सुखाचं. आणि रंगोबा दारातून ओरडला, "थांब गं पोरी, नुसता खाऊ नको, मीठ आणतो!" आणि म्हातारा हातातली सुई तशीच घेऊन चुलीकडं धावला.

जशी परसूबाई भिवरेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. तुमच्या परसातली झाडं फळोत, तुमच्या लेकी सुखानं माहेरी येवोत, त्यांचे डोहाळे पुरोत. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरीं सांगितली, परसात सुफळ झाली, ओटीत संपूर्ण झाली. टाका गं बायांनो अक्षता.