न पेटलेलं सरण

आंबेशेतच्या घाटात रस्त्याला लागूनच एक कडा आहे. सहा पैलूंचे लांब दगडी ओंडके एकावर एक आडवे रचून ठेवावेत, तसा तो दिसतो. गाडीचं इंजिन तापलं म्हणून शिरीष दामले आणि त्यांची बायको तिथे थांबले होते.

"आयतं जळण! दोन ओंडके डिकीत टाकू या," दामले हसून म्हणाले.

"टाका की. आधी एक हलवून दाखवा म्हणजे झालं," जवळच गुरं राखत बसलेले बाबू ढेबे म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी, म्हणे, मिठाचे बैल हाकत तुळसा आणि तिचा नवरा हा घाट चढत होते. नवऱ्याला पटकी झाली आणि तो इथेच गेला. तुळसा लाकडं मागायला गावात धावली. पावसाळा तोंडावर आलेला, दारोदारी सुकं जळण रचलेलं. पण रोगाच्या धास्तीने तिला पाहताच कड्या लागत गेल्या. "एवढा डोंगर पडलाय, तोड की!" एकजण आतूनच ओरडला.

तिने तोडली. कोयत्याने हात सोलून निघाले. नवऱ्यावर तिने सरण रचलं, पण ओली लाकडं नुसती धुमसत आणि विझत. पुरावं तर खाली सगळा कातळ. दिवस बुडाला, कोल्हेकुई सुरू झाली. सरणाला पाठ लावून ती बसली. "डोंगरबाबा," ती म्हणाली, "मला जाळता नाही आलं. तू तरी झाक याला."

असं सांगतात, की उजाडता उजाडता गावाला लाज वाटली. माणसं एकेक सुकं लाकूड घेऊन वर आली. पाहतात तर सरणाचा दगड झालेला. फटसुद्धा उरली नव्हती.

तुळसाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "काल आणायची होती, दादा," एवढंच बोलली आणि बैल हाकत घाट उतरून गेली. तिचं पुढे काय झालं, कोणालाच ठाऊक नाही. माणसं मात्र लाकडं धरून उन्हं चढेपर्यंत तशीच उभी होती.

आजही आंबेशेतात कोणी वारलं, मग तो वाटेवरचा परका का असेना, घरटी एक सुकं लाकूड निघतं. ते घेऊन कोणी चालत जात नाही. म्हातारी माणसंसुद्धा धावतात.