राजाने हुक्का सोडला नाही

हिवरगडच्या रणधवल राजांना हसायची भारी हौस आणि हसायचीच चोरी! कुणी जरा गंमत केली, की राजे "हा! हा!" करायचे आणि तिसऱ्या "हा"ला खोकल्याची उबळ यायची. डोळे पांढरे, छातीत शिट्ट्या, पंखेवाल्यांची धावपळ! शेवटी दरबारात विनोदाला बंदी झाली. विदूषकाला तबेल्यात घोड्यांना खरारा करायला पाठवलं.

वैद्य बाळंभटांनी नाडी पाहिली आणि भीडभाड न ठेवता सांगितलं, "महाराज, हा जुना दमा. मुळासकट जायचा नाही, पण आवरता येईल. हुक्का सोडा. रात्रीचं श्रीखंड सोडा."

"सोडा? आम्ही?" राजे ताडकन उठले. "रणधवलाने आजवर वीतभर जमीन सोडली नाही, आणि हुक्का सोडू? टाका याला कोठडीत! काहीही न सोडता आम्ही ज्या दिवशी पोटभर हसू आणि ठसका लागणार नाही, त्याच दिवशी हा बाहेर येईल!"

झालं! औषध सांगणाराच कोठडीत, मग गुण यायचा कुठून? कोठडीला ओल होती आणि बाळंभटांचं वय झालेलं. हिवाळा काढतील, असं कुणालाच वाटेना. त्यांची सून आवडी घरी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"मामंजींना सोडवायला आलेय, महाराज."

"हुक्का सोडा म्हणणार असशील, तर शेजारची कोठडी रिकामी आहे!"

"छे, छे! सोडायचं नावच नको. पण काही घ्यायला तर हरकत नाही ना?"

"घ्यायला?" राजांची कळी खुलली. "घ्यायला राजा कधी नाही म्हणतो का!"

"मग शब्द द्या. हुक्का ओढण्याआधी आणि श्रीखंड खाण्याआधी मी देईन ते घ्यायचं. मग खुशाल ओढा, खुशाल खा!"

राजांनी हसत हसत शब्द दिला, म्हणजे खोकत खोकत दिला.

सकाळी चांदीचा हुक्का गुडगुडत आला. आवडीने त्याच्या आधी एक निरांजन लावून समोर ठेवलं. "नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करा आणि हळूहळू फुंकर घाला. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. विझली तर पुन्हा पहिल्यापासून!"

"हा तर पोरखेळ!" राजांनी फुंकर मारली. फूऽऽ! ज्योत गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. राजे इरेला पेटले. "एवढीशी ज्योत आम्हाला जुमानत नाही म्हणजे काय!" दम घेत, टेकत, चिडत अखेर त्यांनी तिला वाकवलं. तोवर हुक्क्यातल्या निखाऱ्याची राख झाली होती.

"पुन्हा भरून आणवू, महाराज?" आवडीने गोड आवाजात विचारलं. "म्हणजे आधी पुन्हा निरांजन आलंच!"

"राहू दे," राजे म्हणाले. "दुपारी बघू."

दुपारीही तेच झालं. दिवस मावळायच्या आत तिने वाटीभर मुगाचं गरम कढण, आलं-मिरी घातलेलं, समोर ठेवलं. सोबत लसणीच्या चटणीशी चतकोर बाजरीची भाकरी, वर अडुळशाचा काढा मधातून. राजांनी तोंड वाकडं केलं, पण शब्द दिलेला! कढणाने छातीला ऊब आली, डोळ्यांवर झापड आली. श्रीखंड आलं तेव्हा राजे घोरत होते.

असे दिवस जात राहिले. दिवाळी आली तेव्हा राजे पालखीशिवाय गच्चीचा जिना चढले. वर पोचून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय ना म्हणून! मग खाली येऊन भर दरबारात आवडीला बोलावलं.

"शिट्ट्या थांबल्या, पोरी! माग, काय हवं ते माग!"

"मामंजी द्या."

"ते नाही. अट म्हणजे अट! आम्ही अजून हसलो कुठे? दुसरं काहीही माग. रणधवलाचा शब्द!"

"काहीही?"

"काहीही!"

"मग हा चांदीचा हुक्का द्या."

राजांनी हुक्का पोटाशी कवटाळला. "लबाडे! आम्ही काही सोडणार नाही, असं ठरलं होतं!"

"सोडा कुठे म्हणतेय, महाराज? द्या म्हणतेय! कर्णाने कवचकुंडलं सोडली, असं कुणी म्हणतं का? दिली म्हणतात! सोडतो तो हरलेला, देतो तो राजा!"

राजांनी हुक्क्याकडे पाहिलं, आवडीकडे पाहिलं. मिशी थरथरली. "हा!" राजे हसले. "हा! हा!" पंखेवाले सरसावले. कारभाऱ्यांनी डोळे मिटले. चौथा "हा" आला, पाचवा आला, मांडीवर थाप पडली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ठसक्याचं नाव नाही!

"बघत काय बसलात?" राजे ओरडले. "आणा बाळंभटांना, पालखीतून आणा!"

म्हातारे बाळंभट उजेडाला डोळे किलकिले करत आले. सुनेला बघून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राजांनी स्वतःच्या हातांनी आवडीला हुक्का दिला, वर शालू दिला, खण दिला. मग बोट रोखून म्हणाले, "आणि हे बघ, उद्या श्रीखंडाचं पातेलं मागायला येशील, तर खबरदार!"

"छे, महाराज! उद्या कशी येईन?" आवडीने मान खाली घातली. "उद्या मामंजींना न्हाऊ-जेवू घालायचंय. परवा येते!"

यावर राजे जे हसायला लागले, ते सिंहासनावरून घसरेपर्यंत हसले!