भिवराअक्काचं कढण

ऐका, लहानग्यांनो, आणि शेजारी बसलेल्या थोरल्यांनीही ऐका. पुष्कळ पुष्कळ हिवाळ्यांपूर्वी, डोंगरांच्या खोबणीत बावीस घरांचं एक गाव होतं. तिथं सूर्य उशिरा पोचायचा आणि लवकर निघून जायचा. पौषात तर बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्दाआधी वाफ बाहेर पडायची. म्हणून त्या गावात घरोघरी कुळथाचं कढण शिजे. गरम, पातळ, लसणाच्या फोडणीचं. ते प्यालं की हातापायांत ऊब यायची.

त्या गावात भिवरा नावाची एक बाई एकटीच राहायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिच्यासारखं कढण कुणालाच जमायचं नाही. संध्याकाळी तिच्या अंगणात बायापोरं भांडी घेऊन जमत. अक्का प्रत्येकाच्या भांड्यात पळी भरभरून घाली. "अजून घे गं, थंडी फार आहे," असं वर म्हणे.

कढण द्यायला तिचा हात सैल होता. कृती द्यायला मात्र नव्हता.

कुणी विचारलं, "अक्का, कसं करता हो?" तर ती हसून सांगायची. अगदी सविस्तर सांगायची. पण त्यातली एक गोष्ट गाळायची. एकीला गाळून घ्यायचं सांगितलं नाही. दुसरीला आमसूल उकळीतच टाकायला सांगितलं, खरं तर ते भांडं उतरवल्यावर टाकायचं. आणि कुळीथ आधी भाजून घ्यायचे, हे तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. भर दुपारी सगळ्या बाया रानात गेल्या की ती दार लावून कुळीथ भाजत असे.

तुम्ही म्हणाल, किती कोत्या मनाची! पण थांबा. अक्काचा नवरा गेला, तेव्हा दोन वर्षं तिच्या दारात कुणी फिरकलं नव्हतं. ज्याचा त्याला संसार होता. मग एका हिवाळ्यात तिनं आजारी शेजारणीला कढण नेऊन दिलं, आणि तेव्हापासून अंगण कधी रिकामं राहिलं नाही. सगळ्यांना जमायला लागलं तर माझ्याकडे कोण येईल, ही धास्ती तिच्या मनात घर करून बसली होती.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. सगळ्यांत आधी अक्काच अंथरुणाला खिळली. तोंडाची चव गेली, पायांतलं बळ गेलं.

तिच्या घराला लागून ठकूबाईचं घर होतं. ठकूबाईची सून चंद्रा वीस दिवसांची बाळंतीण. तिलाही तापानं धरलं. अन्न पोटात ठरेना, अंगावरचं दूध आटू लागलं. ती एकच म्हणत होती, "अक्कांचं कढण मिळालं तर जाईल."

ठकूबाई धावत अक्काच्या उशाशी आली. "अक्का, तुम्ही उठू नका. नुसतं सांगा, मी करते."

अक्कानं सांगितलं. कुळीथ किती, पाणी किती, जाळ केवढा, लसूण कधी. गाळायचंही सांगितलं, आमसुलाचंही सांगितलं. आणि भाजण्याचं तोंडाशी आलं, तशी तिची जीभ अडखळली. इतक्या वर्षांची सवय ती! "एवढंच," ती म्हणाली आणि कूस बदलली.

दोन्ही घरांत एकच भिंत होती, तीही कुडाची. पलीकडचं सगळं अक्काला ऐकू येत होतं. जात्यावर कुळीथ भरडल्याचा आवाज आला. फोडणी चरचरली. मग चंद्राला ओकारी आल्याचा आवाज आला.

"उग्र लागतं हो, आत्याबाई," चंद्रा क्षीण आवाजात म्हणाली.

ठकूबाईनं पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. बाळ भुकेनं रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला. मग पलीकडे ठकूबाईच रडू लागली.

"सगळं सांगितलं तसंच केलं गं, चंद्रा. माझ्या हातालाच चव नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. माझा हातच करंटा."

अक्का अंथरुणात उठून बसली.

आजवर तिला वाटायचं, आपण कुणाचं काही हिरावून घेत नाही. कढण तर वाटतोच आहोत. पण आता एकेका बाईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. आपल्याला जमत नाही म्हणून खजील होऊन हसणारा. त्या सगळ्या स्वतःलाच दोष देत होत्या, आणि ती ते पाहून गप्प बसत होती.

तिनं गोधडी गुंडाळून घेतली आणि भिंतीला धरून धरून शेजारचं दार गाठलं.

"ठकू, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. कुळीथ आधी भाजावे लागतात. मी ते सांगितलंच नाही."

"विसरलात?"

"नाही. लपवलं."

ठकूबाईचा आवाज चढला. "माझ्या घरात लेकरू उपाशी रडतंय अक्का, आणि तुम्ही..." तिनं पदरानं डोळे पुसले, चुलीवर तवा ठेवला आणि म्हणाली, "सांगा आता. सगळं सांगा."

अक्का चुलीपाशी टेकून बसली. मंद जाळावर कुळीथ खरपूस भाजले गेले. ते भरडून, पाखडून शिजवले. अक्काच्या तोंडाला चव नव्हती, तेव्हा चाखायचं ठकूबाईनंच. "मीठ बरोबर आहे का, ते तूच ठरव," अक्का म्हणाली. चंद्रा घोट घोट करत वाटीभर कढण प्याली. ते पोटात ठरलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा मागून घेतलं, आणि चौथ्या दिवशी बाळ पोटभर दूध पिऊन झोपलं.

अंगात थोडं बळ आल्यावर अक्का देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. उन्हाला बसलेल्या बायांना तिनं एकेक करून सांगितलं, कुणापासून काय लपवलं ते. काहीजणी हसल्या. वेणू नावाची सून मात्र ताडकन उठली.

"बारा वर्षं माझी सासू मला या कढणावरून हिणवतेय, अक्का. बारा वर्षं!" एवढं बोलून ती निघून गेली. अक्कानं तिला अडवलं नाही.

त्यानंतर अक्काच्या अंगणात खरंच कुणी येईना. ज्याची त्याची चूल कामात होती. संध्याकाळ झाली की ती उंबऱ्यात बसून राही. ज्याला भीत होते तेच झालं, असं तिला वाटलं. तरी आपण बोलून टाकलं याचा पस्तावा तिला झाला नाही.

आठवड्यानं ठकूबाई हाक मारत आली. "अक्का, मी शेवग्याचा पाला घालून पाहिला. चाखा बरं!" दुसरी मेथीदाणे घातलेलं घेऊन आली. तिसरी तर नुसती भांडायला आली, की लसूण आधी की जिरं आधी. अक्काच्या जिभेला हळूहळू चव कळू लागली. ती चाखायची, शिकवायची, कधी कधी शिकायचीही.

हिवाळा सरत आला तेव्हा वेणू आली. अंगणात न थांबता थेट चुलीपाशी जाऊन बसली.

"हे नाचणीचं कढण माझ्या माहेरचं. मी सांगते तसं करा," ती म्हणाली. आणि पुढं जोडलं, "काहीही न लपवता सांगते."

अक्कानं मान खाली घातली. वेणूनं खरोखरच सगळं सांगितलं, पाणी कोमट हवं इथपासून ताक कधी घालायचं इथपर्यंत. दोघी एकाच वाटीतून प्याल्या.

त्या गावात पुढं किती तऱ्हांची कढणं झाली, त्याची मोजदाद नाही. पण आपल्या हाताला चव नाही, असं कुठल्याही बाईनं पुन्हा म्हटलं नाही.

म्हणून सांगते, शिकवायचं तर पुरतं शिकवावं. अर्धं लपवून शिकवणारा समोरच्याचा स्वतःवरचा विश्वासच काढून घेतो.