मरीआईची पाठवणी

खैरगडात आधी उंदीर मरू लागले आणि पाठोपाठ माणसं. ताप भरायचा, काखेत लिंबाएवढी गाठ यायची आणि तिसऱ्या दिवशी घरात रडारड. मरीआई कोपली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हैबतराजांचं मात्र एवढ्यावर भागेना. त्यांना गुन्हेगार हवा होता. राजाला गुन्हेगार हवा असला की तो सापडतोच, आणि बहुधा हाताशी असलेला गरीबच सापडतो.

या वेळी सापडला गोंदनाक वेसकर, म्हणजे वेशीचा राखणदार. प्रधानजींनी सरळ हिशेब मांडला. गडाला वेस एकच, तेव्हा मरी आली ती वेशीतूनच, आणि तिला आत सोडली ती वेसकरानंच. शिवाय वेशीबाहेर गोंदनाकाची जी वस्ती होती, तिथं एकालाही ताप नव्हता. संगनमताचा याहून मोठा पुरावा तो कोणता? दरबारानं माना डोलावल्या. दरबाराला दुसरं कामच काय असतं!

राजानं गोंदनाकाच्या पायात बेड्या घातल्या आणि फर्मावलं, ज्यानं आणली त्यानंच आठ दिवसांत मरीला वेशीबाहेर न्यावं. नाहीतर कडेलोट.

वर आणखी दोन अटी होत्या. त्या मुलखात मरी आली की लोक देवीला लाकडी गाड्यात बसवायचे आणि गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत ढकलून यायचे. शेजारचं गाव तो पुढच्या गावात ढकलायचं. पण यंदा शेजारच्या राजाचा निरोप आला होता, गाडा आमच्या शिवेत आला तर आमची फौज तुमच्या शिवेत येईल. म्हणून पहिली अट, गाडा शीव ओलांडणार नाही. आणि दुसरी, गडावरचा एकही माणूस पळणार नाही. हैबतराजांच्या घराण्यात संकट पाहून वाडा सोडलेला पुरुष झाला नव्हता, आणि याचा त्यांना भारी अभिमान. पोरं कडेवर घेऊन रानात निघालेल्या बायांनासुद्धा त्यांनी वेशीतून परत पाठवलं होतं.

गोंदनाकाची लेक धुरपा बापाची भाकरी घेऊन रोज वेशीत यायची. गप्प बसून बघत राहायची तिची सवय. ज्या घरात उंदीर मरून पडतो, त्या घरात चार-आठ दिवसांत माणूस पडतो. जो रानात निजतो, तो धडधाकट. हे तिनं प्रधानजींना सांगूनही पाहिलं होतं. वेसकराच्या पोरीनं प्रधानाला शिकवू नये, एवढंच उत्तर मिळालं. आता बापाच्या पायातल्या बेड्या पाहून तिनं आपला हिशेब मांडला. गड रिकामा झाला तरच मरी जाणार, आणि गड सोडा म्हटलं तर राजा बापाआधी तिचाच कडेलोट करणार. ती दरबारात गेली ती वेगळीच गोष्ट घेऊन.

"म्हाराज, मरी जायाला तयार हाय," ती म्हणाली. "पर रुसलीया. पाव्हनी म्हून आली आन् आपुन तिला कुत्र्यावानी हाकलतुया."

राजाला आपल्या पाहुणचाराचाही अभिमान होता. त्यानं विचारलं, मग तिचं म्हणणं तरी काय?

"ज्या ज्या घरात ती ऱ्हायली, त्या घरानं पोराबाळांसकट तिला शिवेपतुर पोचवाया यावं. आन् ती गाड्यातनं उठून जाईस्तवर कुनी मागं फिरू नये. यजमान मागं फिरला की पाव्हनीबी फिरती."

प्रधानजी कळवळून म्हणाले की अशानं सगळा गड ओस पडेल, आणि हे पळणंच झालं. राजानं मिशीवर ताव दिला. पाहुण्याला पोचवणं म्हणजे पळणं? तुमच्याकडे पाहुणे येत नाहीत वाटतं, असं त्यानं प्रधानजींना सुनावलं.

"आपल्या मुदपाकखान्यातबी काल उंदीर पडला, म्हाराज," धुरपा हळूच म्हणाली. "म्हंजी ती आपल्याकडं जेवून गेली."

राजाचा मिशीवरचा हात तिथंच थांबला.

सातव्या दिवशी गडाची वेस उघडली. हिरवी चोळी, बांगड्या, लिंबं अशी देवीची ओटी भरली आणि गाडा हलगीच्या तालावर निघाला. पाहुणी त्यात निजली होती म्हणून धुरपानं अंथरुणं मागंच ठेवायला लावली, आणि तिला परत यावंसं वाटू नये म्हणून घरांची कौलं उतरवून आत ऊन घेतलं. गाडा शिवेच्या अलीकडं वीतभर अंतरावर थांबला. तिथं कडब्याच्या झोपड्या उठल्या. राजाचीही उठली. प्रधानजींच्या पागोट्यात मुंगळे शिरले, तेव्हा साऱ्या गावाला पंधरा दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं.

ताप अंगात घेऊनच जे आले होते, त्यांतले काही शिवेवर दगावले. गोंदनाकाच्या बेड्या तशाच होत्या, कारण राजाच्या मते पाहुणी अजून गाड्यातच होती. मग एक दिवस कोणी आजारी पडलं नाही. मग आठवडा. मग महिना.

राजानं तिला बोलावलं. तोवर त्यालाही विचार करायला भरपूर वेळ मिळाला होता.

"पोरी, खरं सांग. तू बाहेर कुणाला काढलंस? मरीला, का आम्हाला?"

समोर कडेलोटाचा कडा स्वच्छ दिसत होता. धुरपानं एकदा बापाकडं पाहिलं.

"आपल्याला, म्हाराज. एका घरात मरी आन् मानूस दोघं नांदत न्हाईत. कुनीतरी येकानं निघायचंच हुतं. म्या बगितलं, दोघांत आयकनारं कोन हाय. मरी लई हट्टी, म्हाराज. म्हून मग आपल्याकडं आले."

ऐकणारा म्हणून जन्मात कोणी राजाचं नाव घेतलं नव्हतं. त्यानं प्रधानजींकडं पाहिलं, प्रधानजींनी जमिनीकडं पाहिलं, आणि राजा जो हसत सुटला तो डोळ्यांतून पाणी येईतो. हसता हसताच त्यानं लोहाराला बोलावून गोंदनाकाच्या बेड्या तोडायला लावल्या आणि शिवेवरचं ते अख्खं रान धुरपाला इनाम दिलं.

"फक्त आमची झोपडी तेवढी मोडू नकोस," तो म्हणाला. "वाड्यात अशी झोप कधी लागली नव्हती."